घरची मिनीव्हॅन आणि मागचा छोटा कॅम्पर : वजनाचा हिशेब

एप्रिल लागला की आपल्या मंडळातली बरीच ज्येष्ठ मंडळी मुलांकडे अमेरिकेला किंवा कॅनडाला जायला निघतात आणि दिवाळीच्या सुमारास परत येतात. तिकडे मुलांच्या दारात सात-आठ माणसांची मिनीव्हॅन असतेच. एखाद्या रविवारी मुलगा किंवा जावई म्हणतो, "यंदा हॉटेल नको, छोटा कॅम्पर भाड्याने घेऊ, व्हॅनला मागे जोडू आणि डोंगरात जाऊन राहू." आपण हो म्हणतो, कारण नातवंडे आधीच नाचायला लागलेली असतात. परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत त्यावर गप्पा होतात आणि पुढच्या वर्षी जाणारे प्रश्न विचारतात. व्हॅनला झेपते का? धोका किती? आपल्याकडे इंदूरला हे करता येईल का? ही सगळी माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख.

आमचे शिक्षण बी.कॉम. आणि नोकरी बँकेतली, त्यातली शेवटची वर्षे सियागंजच्या शाखेत गेली. मोटारीच्या यंत्रावर बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण कॅम्पर ओढणे हा यंत्राइतकाच मर्यादांचा आणि हिशेबाचा विषय आहे, हे आम्ही एकदा घाबरून शिकलो. तो प्रसंग पुढे सांगितला आहे.

छोटा कॅम्पर म्हणजे काय

मिनीव्हॅनच्या मागे लावण्याजोगे कॅम्पर साधारण तीन जातींचे असतात. पहिला 'पॉप-अप'. हा रस्त्यावर बसक्या पेटीसारखा दिसतो आणि मुक्कामी छप्पर वर उचलून बाजूच्या कापडी भिंती उघडतात. दुसरा 'टिअरड्रॉप', म्हणजे थेंबाच्या आकाराचा. आत फक्त दोघांची झोपायची जागा आणि मागचे झाकण उघडले की ओटा. तिसरा फायबरग्लासचा, अंड्यासारखा गोलसर, १३ ते १७ फुटांचा. या तिसऱ्या जातीची सुरुवात १९६८ साली कॅनडातल्या विनिपेग शहरात 'बोलर' नावाच्या कॅम्परने झाली, आणि आजही तो आकार लोकप्रिय आहे. गंमत अशी की अमेरिकेतल्या पहिल्या मिनीव्हॅनपैकी एकीचे, १९८४ च्या डॉजच्या गाडीचे, नावच 'कॅराव्हॅन' होते.

याहून मोठे, २० फुटांच्या पुढचे कॅम्पर मिनीव्हॅनसाठी नाहीत. त्यांना पिकअप ट्रक लागतो. त्यांचा विचार इथे केलेला नाही.

मंजूर मर्यादा आणि उचल

तिकडच्या बहुतेक मिनीव्हॅनची ओढण्याची क्षमता ३,५०० पौंड सांगितली जाते. होंडा ओडिसी आणि टोयोटा सिएना या आपल्या लोकांकडे हमखास दिसणाऱ्या गाड्यांचा आकडा हाच आहे. किलोत हे सुमारे १,५९० होतात. छोटा कॅम्पर भरून २,५०० पौंडांच्या आसपास जातो, म्हणजे हजार पौंड शिल्लक, असे मुले सांगतात. भाड्याने देणारेही तसेच सांगतात. इथेच चूक होते.

सियागंजच्या व्यापाऱ्यांना ही चूक एका वाक्यात समजेल. कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा वीस लाख मंजूर आहे म्हणून वीस लाख उचलता येत नाहीत. महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट येते, गोदामात माल सोळा लाखांचा निघतो, त्यातून २५ टक्के मार्जिन वजा केले की ड्रॉइंग पॉवर बारा लाख. चेक बाराच्या वर गेला की परत. मंजुरीपत्रावरचा वीसचा आकडा खरा असतो, पण रोजच्या व्यवहारात कामाला येतो तो बाराचा.

मिनीव्हॅनचे ३,५०० पौंड हे असेच मंजुरीपत्र आहे. हा आकडा ठरवताना गाडीत सहसा चालक आणि एकच प्रवासी धरलेला असतो. आपल्या घरची व्हॅन तर आजी, आजोबा, नातवंडे आणि डब्यांनी भरलेली. काही कंपन्या पुस्तिकेत तक्ताच देतात, की गाडीत माणसे जितकी जास्त तितके मागचे वजन कमी. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आलेली नसते, ही गोष्ट वेगळी.

मिनीव्हॅनची ड्रॉइंग पॉवर कुठे लिहिलेली असते? चालकाचे दार उघडले की चौकटीवर टायरच्या हवेचा एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. त्यावर लिहिलेले असते की माणसे आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. याला पेलोड म्हणतात. मिनीव्हॅनचा पेलोड मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा धरू नये. आमच्या चिरंजीवांच्या गाडीवर १,२०० पौंड लिहिले होते. कॅम्पर जोडला की त्याच्या वजनाचा एक हिस्सा याच खात्यातून वजा होतो, आणि नेमके हेच कोणी लक्षात घेत नाही.

जोडावरचा दाब, ज्याला तिकडे टंग वेट म्हणतात

कॅम्परचा पुढचा दांडा व्हॅनच्या मागच्या गोळ्यावर बसतो. तो किती जोराने खाली दाबतो, ते टंग वेट. एका आसाच्या छोट्या कॅम्परसाठी हा दाब कॅम्परच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा तिकडचा नियम आहे.

का असावा, हे समजायला सियागंजात सकाळी दहाला उभे राहावे. हम्माल दोन चाकांच्या हातगाडीवर पोती रचतो तेव्हा पहिली थप्पी आसाच्या थोडी पुढे घालतो. दांडा हातावर किंचित जड लागला पाहिजे. पोती मागे जास्त झाली तर दांडा वर उचलला जातो, हम्माल त्याला लोंबकळतो आणि गाडी स्टेशनच्या उतारावर त्यालाच फिरवते. बैलगाडीच्या बाबतीत आपले आजोबा याला गाडी उलाळ झाली म्हणत. मागे भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उठते. कॅम्परचे तत्त्व तसूभरही वेगळे नाही. फरक इतकाच की हातगाडी ताशी चार किलोमीटरने जाते आणि कॅम्पर शंभरने.

दाब कमी पडला की कॅम्परचे शेपूट डावीकडे-उजवीकडे झुलू लागते आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. दाब जास्त झाला तर व्हॅनचे मागचे अंग बसते आणि पुढचे उचलले जाते. मिनीव्हॅनचे इंजिन बहुधा पुढची चाके फिरवते, वळण पुढच्या चाकांवर आणि ब्रेकचा मोठा भारही पुढच्या चाकांवर. ती हलकी झाली तर काय होईल, हे सांगायला नको.

आमचा प्रसंग

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे चिरंजीवांकडे व्हर्जिनियात होतो. पानांचे रंग पाहायला शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात तीन दिवस राहायचे ठरले. मुक्काम बिग मेडोज या कॅम्पग्राउंडवर. रोआनोकच्या बाजूने आंतरराज्य महामार्ग ८१ वरून उत्तरेला हॅरिसनबर्गपर्यंत, तिथून ३३ क्रमांकाच्या रस्त्याने डोंगर चढून स्कायलाइन ड्राइव्हला लागायचे, असा बेत. कॅम्पर भाड्याचा होता. देणाऱ्याने गाडीकडे एक नजर टाकली आणि साडेतीन हजार ओढते, काळजी नको, असे सांगून किल्ली दिली.

सामान आम्ही भरले. आम्ही म्हणजे आम्ही स्वतः, कारण बँकेत तिजोरी लावायची सवय. कॅम्परच्या मागच्या कपाटात कुकर, तवा, दहा पौंड तांदूळ, पीठ, भाजणी, सेवेचे डबे, बर्फाची पेटी. मागच्या बंपरवर नातवंडांच्या सायकली. पाण्याची टाकीही घरूनच काठोकाठ भरून घेतली, आणि ती टाकी आसाच्या मागे होती हे कोणी पाहिले नाही. अमेरिकी गॅलनभर पाण्याचे वजन ८.३४ पौंड, म्हणजे वीस गॅलनचे १६७ पौंड. सगळे कसे नीट बसले म्हणून सौ.नी कौतुकही केले.

महामार्ग ८१ वर ट्रकची वर्दळ फार. तासाभराने एका उतारावर, ताशी ६५ मैलांच्या वेगात, एक मोठा ट्रक आमच्या डावीकडून पुढे गेला. आधी त्याच्या हवेने आम्हाला बाहेर ढकलले आणि मग आत ओढले. मागे कॅम्पर झुलला. एकदा, मग दुसऱ्यांदा जास्त, तिसऱ्या वेळी व्हॅनचे मागचे अंग सरकल्याचे आम्हाला तिसऱ्या रांगेत बसून स्पष्ट जाणवले. शेजारी धाकटी नात झोपली होती. सूनबाईंनी ब्रेक मार असे ओरडले. चिरंजीवांनी ब्रेक मारला नाही, फक्त पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवले. चार-पाच झोके खाऊन गाडी शांत झाली. सगळे दहा-बारा सेकंदांत आटोपले असेल. पुढच्या विश्रांतीस्थळापर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

त्यांनी केले ते बरोबर होते, हे नंतर कळले. कॅम्पर झुलू लागला तर व्हॅनचा ब्रेक जोरात दाबू नये, वेग वाढवून सुटायचा प्रयत्न करू नये आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. पाय उचलावा, चाक सरळ धरावे. कॅम्परला स्वतःचे विजेचे ब्रेक असतील तर चालकाजवळच्या कंट्रोलरवरून फक्त कॅम्परचे ब्रेक हाताने हळूच लावावेत, म्हणजे तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. हा कंट्रोलर कुठे आहे आणि त्याचा खटका कसा दाबायचा, हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. आम्ही पाहिले नव्हते.

विश्रांतीस्थळावर टाकीचे पाणी सोडले, सायकली उतरवून कॅम्परमध्ये आसाच्या पुढे आडव्या घातल्या, धान्याचे डबे पुढच्या बाकाखाली आणले. मग पुढच्या फाट्यावर, जिथे मोठे ट्रक थांबतात, तिथे धर्मकाटा मिळाला.

काट्यावर काय मोजायचे

अमेरिकेत अशा थांब्यांवर 'कॅट स्केल' नावाचे काटे पुष्कळ ठिकाणी आहेत आणि ते खाजगी गाड्यांनाही वजन करून देतात. काट्याचे तीन पाट असतात. पुढची चाके पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर आणि कॅम्परची तिसऱ्यावर येतील अशी गाडी उभी करायची. पावतीवर तिन्ही वजने वेगळी येतात. मग कॅम्पर बाजूला सोडून फक्त व्हॅनचे वजन पुन्हा करायचे. दोन्ही वेळच्या व्हॅनच्या वजनातला फरक म्हणजे टंग वेट. दोन्ही वेळा माणसे आणि सामान तेच असले पाहिजे. एकजण चहा प्यायला उतरला की हिशेब चुकला.

आमच्या कॅम्परच्या चाकांवर २,२८८ पौंड आणि जोडावर ३१२ पौंड भरले, म्हणजे एकूण २,६००. दाब बरोबर १२ टक्के. सामान हलवण्याआधी तो किती होता हे आता कळण्याचा मार्ग नाही, पण फारच कमी असणार.

मग तिथल्याच टेबलावर स्टिकरचा १,२०० चा आकडा घेऊन आम्ही खाते लिहिले. माणसे सहा : मुलगा १७०, सूनबाई १४०, आम्ही १५०, सौ. १३०, नातू ९०, नात ६०, मिळून ७४० पौंड. व्हॅनमधल्या बॅगा १५०. गाडीखाली नंतर बसवून घेतलेली लोखंडी हिच ४५. तीही पेलोडमध्येच धरायची, कारण कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा ती नव्हती. वर टंग वेट ३१२. बेरीज १,२४७. म्हणजे ओढण्याच्या खात्यात ९०० पौंड शिल्लक दिसत असताना पेलोडचे खाते ४७ पौंडांनी ओव्हरड्रॉ झालेले. सौ. म्हणाल्या, "मग आम्हा दोघांना इथेच उतरवा, २८० कमी होतील." हसलो सगळे, पण त्या पूर्ण विनोदाने म्हणाल्या नव्हत्या. घरच्यांनी हौसेने आपल्याला न्यावे आणि वहीत आपलीच नावे जड बाजूला निघावीत, हे त्या क्षणी आम्हालाही लागले.

तोड सोपी निघाली. कॅम्परची स्वतःची कमाल मर्यादा त्याच्या पाटीवर ३,००० पौंड होती. व्हॅनमधल्या बॅगांपैकी १०० पौंड सामान कॅम्परमध्ये नेऊन अगदी आसाच्या वर जमिनीवर ठेवले. आसावरचे वजन चाके उचलतात, त्यामुळे जोडावरचा दाब जवळपास तेवढाच राहतो. कॅम्पर २,७०० झाला, दाब साडेअकरा टक्क्यांच्या वर राहिला आणि व्हॅनची बेरीज १,१४७ वर आली. पुढे ताशी ५५ मैलांवर गेलो आणि ट्रक गेले तरी गाडी हलली नाही. परतीच्या प्रवासात मात्र सूनबाईंच्या मैत्रिणीची छोटी गाडी सोबत होती, आम्ही दोघे तीत बसलो.

काटा जवळ नसेल तर टंग वेट घरीही मोजता येते. बाथरूममधला वजनकाटा, एक भक्कम फळी आणि काट्याच्या उंचीची एक वीट पुरते. वीट आणि काटा यांच्यात तीन फूट अंतर ठेवून फळी दोन्हींवर टेकवावी. कॅम्परचा दांडा विटेपासून एक फुटावर फळीवर टेकवावा. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. दांडा गाडीला जोडताना जितक्या उंचीवर असतो, तितक्याच उंचीवर मोजताना असावा आणि कॅम्परच्या चाकांना ओट लावलेली असावी. फळीचे स्वतःचे वजन आधी वजा करावे.

जोडण्याआधी पाहायच्या गोष्टी

हिचवरच्या गोळ्याचा व्यास आणि कॅम्परच्या कपलरचा व्यास एकच हवा. तिकडे पावणेदोन इंचाच्या थोडा वरचा, दोन इंची आणि त्याहून मोठा असे गोळे चालतात. लहान गोळ्यावर मोठा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. बसवून झाल्यावर पुढचा जॅक फिरवून दांडा वर उचलून पाहावा. व्हॅनचे मागचे अंगही सोबत वर आले तर कपलर पक्का बसला. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

ब्रेकचे नियम राज्यागणिक बदलतात. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. कॅलिफोर्नियात राहण्याच्या ट्रेलरला १,५०० पौंडांपासूनच लागतात आणि मागे ट्रेलर असेल तर वेगमर्यादा ५५ मैल आहे. कायदा काहीही असो, गाडीची पुस्तिका त्याहून कमी वजनाला ब्रेक मागत असेल तर पुस्तिकेचे ऐकावे. ब्रेक विजेचे असतील तर चार तारांचा साधा प्लग चालत नाही, सात पिनांचा लागतो. काही कंपन्या गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर बसवायला सांगतात. दोन्ही कामे गॅरेजमध्ये आधीच करून घ्यावीत, निघायच्या आदल्या रात्री नाही.

टायर पाहताना आम्ही आधी नक्षी किती शिल्लक आहे तेच पाहायचो. कॅम्परचे टायर वर्षातले दहा महिने उभे असतात, ते झिजून नाही तर वयाने मरतात. बाजूवर चार आकडी संख्या असते : २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षांवरचा असेल तर नक्षी कितीही छान दिसो, बदलून मागावा.

आणि चालत्या कॅम्परमध्ये कोणी बसू नये. नातवंडे फार हट्ट करतात. गॅसच्या टाकीची कळ प्रवासात बंद ठेवावी.

मागे घेताना सगळ्यांची तारांबळ उडते, कारण स्टिअरिंग डावीकडे फिरवले की कॅम्पर उजवीकडे जातो. युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. मग हात जिकडे न्याल तिकडेच कॅम्परचे शेपूट जाते. डोंगर उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, चढाला लागेल तो खालचा गिअर उतारालाही घालावा. मानपूर आणि धामनोदच्या मधल्या गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात वर्षानुवर्षे वाचत आलेल्या इंदूरकरांना हे वेगळे पटवून द्यावे लागू नये.

आपल्याकडे करता येईल का

हा प्रश्न तरुण सभासद विचारतात, विशेषतः मांडू, महेश्वर आणि हनुवंतियाला जाऊन आलेले. स्पष्ट उत्तर असे की कायदा नाही म्हणत नाही, पण गाडी बहुधा म्हणते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक सात-आसनी गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडा नसतो, किंवा ट्रेलर ओढू नये असेच छापलेले असते. तीच कंपनी परदेशात तशाच गाडीला आकडा देते, हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. तिकडच्या गाडीचे इंजिन, कूलर, मागच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात. दुसऱ्या शाखेने दुसऱ्या पक्षाला दिलेली मंजुरी दाखवून आपल्या शाखेतून पैसे मिळत नाहीत.

गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर पुढचे काम आरटीओचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. कलम ६१ प्रमाणे त्याची वेगळी नोंदणी होते, त्याचा नंबर त्याच्या बाजूवर लिहावा लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्यावर दाखवावा लागतो. म्हणजे गॅरेजमध्ये जुगाडाने बनवलेली, विनानंबराची खोली मागे बांधून निघता येणार नाही. गाडीला हिच लावणे हा मूळ रचनेतला बदल ठरतो का, हे कलम ५२ समोर ठेवून आरटीओला आधीच विचारावे. विमा कंपनीकडून ट्रेलर पॉलिसीत धरला आहे असे लेखी घ्यावे. तोंडी होकाराची किंमत आम्ही नोकरीत पुष्कळदा पाहिली आहे. आणि सियागंजातून हार्डवेअरचा साधा हूक, पिन आणि साखळी विकत घेऊन हिच बनवण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. त्या दुकानांतला माल चांगला असतो, पण तो या कामासाठी तपासलेला नसतो.

ज्यांना फक्त चाकांवरच्या घरात राहण्याची हौस आहे, त्यांनी स्वतःच्या इंजिनाची कॅराव्हॅन चालकासह भाड्याने घ्यावी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात गाड्यांबरोबर त्या उभ्या करायच्या जागांचाही विचार आहे. ओढण्याचा सगळा प्रश्नच त्यात मिटतो.

वर दिलेल्या हिशेबाचा कोरा तक्ता आम्ही एका पानावर तयार केला आहे. माणसे, बॅगा, हिच, टंग वेट, स्टिकरचा आकडा आणि शेवटी शिल्लक, अशा सहा ओळी आहेत. प्रती मंडळाच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. यंदा जाणाऱ्यांनी एक बॅगेत टाकावी. आपले वजन त्यात खरे लिहावे, पासपोर्ट काढला त्या साली होते ते नको.